नाशिकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून आडव्या संवेगाचा आलेख: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

कणभौतिकीचं वेड लागलेली मुलं नाशिकमध्ये कमी नाहीत. कॉलेज रोडला, गंगापूर रोडला बीएस्सीच्या वर्गात दरवर्षी चार-पाच तरी भेटतात. अडचण अशी होते की ती थेट जाड पुस्तकात शिरतात, तिसऱ्या पानावर समाकलनं येतात आणि पुस्तक मिटतं. माझं म्हणणं आहे, आधी खरा डेटा घ्या आणि एक आलेख स्वतः काढा. तो आलेख आडव्या संवेगाचा असावा, कारण एवढ्या थोड्या गणितात एवढं भौतिकशास्त्र दुसरा कुठलाच आलेख दाखवत नाही. काम करताना एकच प्रश्न सतत विचारायचा: वक्राला इथे जे वळण आहे ते निसर्गानं दिलंय की यंत्रानं?

लागणारं साहित्य म्हणजे एक साधा कॉम्प्युटर, एक्सेल किंवा फुकटातलं लिब्रेऑफिस कॅल्क आणि बारावीचं त्रिकोणमिती-सदिश. मोबाइलवर हे करू नका. लाख ओळींची फाइल त्यावर उघडली तरी काम होत नाही.

आधी समजून घ्या: आडवाच का?

मुंबई-आग्रा महामार्गावर दोन ट्रक समोरासमोर धडकले असं समजा. रस्त्याच्या दिशेनं जे तुकडे लांब गेले, त्यांच्या वेगात ट्रकचा आधीचा वेग मिसळलेला असतो. पण जो तुकडा बाजूच्या द्राक्षबागेत जाऊन पडला, त्याला आडवा ढकलणारं धडकेशिवाय दुसरं काही नव्हतं. त्वरक नावाच्या यंत्रात समोरासमोर आदळवलेल्या प्रोटॉनांचंही असंच. प्रोटॉनांच्या झोताला बीम म्हणतात, आणि बीमच्या दिशेला आपण झेड अक्ष म्हणतो. टक्करीआधी प्रोटॉनांचा सगळा संवेग झेड दिशेत असतो, एक्स आणि वाय दिशांत जवळजवळ शून्य. टक्करीनंतर या दोन दिशांत जे दिसतं ते टक्करीतूनच आलेलं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. प्रोटॉन हा एकसंध गोळा नव्हे. आत क्वार्क आणि ग्लुऑन असतात, आणि खरी धडक त्यांच्यापैकी दोघांची होते. प्रोटॉनच्या संवेगातला किती वाटा कोणत्या क्वार्ककडे होता हे प्रत्येक टक्करीत वेगळं, आणि आधी कळायला मार्ग नाही. त्यामुळे धडकलेली जोडी झेड दिशेनं पुढेमागे कितीही वेगानं सरकत असू शकते. पण झेड दिशेनं कितीही सरकलं तरी एक्स आणि वाय घटक बदलत नाहीत. म्हणून भरवशाची राशी ती हीच:

पीटी = √(पीएक्स² + पीवाय²)

लॅबमध्ये सगळे याला ‘पीटी’च म्हणतात, मीही तेच म्हणेन. एकक जीईव्ही, म्हणजे गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. ऊर्जा, संवेग आणि वस्तुमान या सगळ्यांसाठी आपण हेच वापरू.

सोबत ईटा लागेल. कण बीमपासून किती कोनात उडाला हे सांगणारा हा आकडा. बीमला काटकोनात उडालेल्या कणाचा ईटा ०, ४५ अंशांवर साधारण ०.८८ आणि १० अंशांवर सुमारे २.४४. पीटी आणि ईटा हातात असले की एकूण संवेग निघतो: पी = पीटी × कॉश(ईटा). कॉश हे फंक्शन एक्सेलमध्ये तयार असतं.

यंत्र पीटी मोजतं कसं

प्रभारित कण चुंबकीय क्षेत्रात वळतो. क्षेत्र बीमच्या दिशेत असलं तर वळणाची त्रिज्या फक्त आडव्या संवेगावर ठरते, आणि सूत्र तोंडपाठ करण्यासारखं सोपं आहे: पीटी (जीईव्ही) = ०.३ × क्षेत्र (टेस्ला) × त्रिज्या (मीटर). सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत सीएमएस नावाचा शोधक आहे, म्हणजे टक्करीतले कण टिपणारं यंत्र. त्याचं क्षेत्र ३.८ टेस्ला आहे. १ जीईव्ही पीटीच्या कणाची त्रिज्या काढून बघा, सुमारे ८८ सेंटीमीटर येईल. १०० जीईव्हीच्या कणाची येते ८८ मीटर, म्हणजे त्याचा मार्ग जवळजवळ सरळ रेषाच. यावरून एक गोष्ट आत्ताच टिपून ठेवा: पीटी जितका जास्त, तितकं वळण कमी आणि मापनातली चूक मोठी.

डेटा उतरवा

सर्नचं ओपन डेटा पोर्टल नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झालं. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, कोणाची परवानगी लागत नाही. शोधचौकटीत सीएमएस, २०१० आणि डायम्युऑन हे शब्द टाकले की शिक्षणासाठी तयार केलेल्या सीएसव्ही फाइल सापडतात. ‘म्यूरन२०१०बी’ नावाची फाइल घ्या. तीत ७ टीईव्ही (७,००० जीईव्ही) ऊर्जेच्या प्रोटॉन-प्रोटॉन टक्करींमधल्या १ लाख घटना, म्हणजे नोंदलेल्या टक्करी आहेत, आणि प्रत्येक घटनेत दोन म्युऑन. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच, पण बराच जड कण.

घरचं नेट रडत असेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. एक्सेलची मर्यादा साडेदहा लाख ओळींच्या आसपास आहे, त्यामुळे फाइल आरामात मावते. मूळ फाइलला मात्र हात लावू नका. प्रत बनवा आणि प्रतीवर काम करा.

उघडल्यावर पहिल्या ओळीत रकान्यांची नावं दिसतील. रन आणि इव्हेंट हे घटनेचे क्रमांक. त्यापुढे पहिल्या म्युऑनची ऊर्जा, पीएक्स१, पीवाय१, पीझेड१, पीटी१, ईटा१, फाय१ म्हणजे बीमभोवतीचा कोन, आणि क्यू१ म्हणजे प्रभार. मग दुसऱ्या म्युऑनचं तेच सगळं. शेवटी एम, म्हणजे जोडीचं वस्तुमान. ‘टाइप’च्या रकान्यात जी किंवा टी असतं. जी म्हणजे आतल्या ट्रॅकरमध्ये आणि बाहेरच्या म्युऑन कक्षांमध्येही पूर्ण माग मिळालेला म्युऑन. सुरुवातीला दोन्ही म्युऑन जी असलेल्या ओळीच ठेवा.

पहिली ओळ हातानं तपासा

ही पायरी मुलं गाळतात आणि पुढे दोन तास वाया घालवतात. कोणतीही एक ओळ घ्या, पीएक्स१ आणि पीवाय१ यांचे वर्ग करा, बेरजेचं वर्गमूळ काढा आणि पीटी१शी जुळतंय का बघा. समजा पीएक्स −१२ आणि पीवाय ५ असेल, तर पीटी १३ यायला हवा. त्याच कणाचा ईटा १ असेल तर पीझेड सुमारे १५.३ आणि एकूण संवेग २०.१ जीईव्हीच्या जवळपास. जुळलं नाही तर बहुतेक वेळा रकाना सरकलेला असतो, किंवा सीएसव्ही उघडताना दशांश चिन्हाचा घोळ झालेला असतो.

बिन पाडा, आणि रुंदीनं भागा

आता पीटी१ आणि पीटी२ एकाखाली एक लावा आणि बिन पाडा, म्हणजे पीटीचे टप्पे करून प्रत्येक टप्प्यात किती कण आहेत ते मोजा. काउंटइफ्स हे फंक्शन पुरतं. २० जीईव्हीपर्यंत १ जीईव्हीचे बिन चालतील, पण पुढे कण इतके विरळ होतात की बिन रुंद करावे लागतात: २०–२२, २२–२५, ४०–६० असे.

रुंद बिन केले की एक गोष्ट अपरिहार्य होते. मोजलेली संख्या बिनच्या रुंदीनं भागायची. उदाहरणार्थ २०–२२ मध्ये ४०० कण मिळाले आणि ४०–६० मध्येही ४००च, तर नुसत्या संख्येचा आलेख सपाट दिसेल. भागल्यावर पहिला २०० कण प्रति जीईव्ही होतो, दुसरा फक्त २०. दहापट उतार होता, तो आपणच बिन रुंद करून लपवला होता. वक्रावरची निम्मी खोटी वळणं इथूनच येतात.

प्रत्येक बिंदूला एरर बार लावा. मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ घ्यायचं, भागण्याआधीच्या संख्येचं. ४०० कणांवर २०, म्हणजे ५ टक्के. ४ कणांवर २, म्हणजे ५० टक्के. शेपटीकडचा एखादा बिंदू उंच उडालेला दिसला आणि त्याच्या बिनमध्ये चारच कण असतील, तर त्यावर सिद्धांत रचू नका.

उभा अक्ष लॉग करा. साध्या अक्षावर डावीकडे एक डोंगर आणि उजवीकडे शून्याला चिकटलेली रेघ दिसते. लॉग अक्षावर शेपटी उघडी पडते. फक्त उभा अक्ष लॉग असताना सरळ रेषा दिसली तर उतार घातांकी आहे. दोन्ही अक्ष लॉग असताना सरळ दिसली तर पॉवर लॉ. हे दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवायची सवय लावा.

आता वक्र वाचा

निफाडहून येणाऱ्या एका तिसऱ्या वर्षाच्या मुलीनं हा आलेख काढला आणि डाव्या टोकावर बोट ठेवून विचारलं, “मॅडम, तीन-चार जीईव्हीच्या खाली म्युऑन बनतच नाहीत का?” याहून चांगला प्रश्न या आलेखावर विचारता येत नाही. बनतात, आणि भरपूर बनतात. पण सीएमएसमध्ये म्युऑन कक्ष सगळ्यात बाहेर आहेत. तिथवर पोहोचण्याआधी म्युऑनला कॅलरीमीटर (कणांची ऊर्जा मोजणारा थर), चुंबकाचं वेटोळं आणि लोखंडाचे जाड थर पार करावे लागतात. मधल्या भागात तीनेक जीईव्हीपेक्षा कमी पीटीचा म्युऑन वाटेतच थांबतो, किंवा चुंबकीय क्षेत्र त्याला वळवून आतच ठेवतं.

ऐकून सोडू नका, पडताळा. ईटाचं चिन्ह सोडून फक्त मूल्य घ्या आणि डेटाचे दोन भाग करा: १.२ पेक्षा कमी आणि १.२ पेक्षा जास्त. दोन्हींचे आलेख एकावर एक ठेवा. कमी पीटीचे म्युऑन बहुतांशी दुसऱ्या भागात सापडतील. पुढच्या दिशेला उडालेल्या म्युऑनचा पीझेड मोठा असतो, त्यामुळे पीटी कमी असूनही एकूण संवेग लोखंड भेदायला पुरतो. निसर्ग ईटा १.२ वर रेघ ओढत नाही. रेघ यंत्राच्या बांधणीची आहे.

दुसरी यंत्रनिर्मित गोष्ट म्हणजे ट्रिगर. पूर्ण क्षमतेनं चालताना एलएचसी या सर्नच्या त्वरकात प्रोटॉनांचे जथे सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात. सगळं साठवणं अशक्य, म्हणून ट्रिगर क्षणात ठरवतो काय ठेवायचं, आणि ठराविक पीटीपेक्षा वरचा म्युऑन दिसणं ही त्याची नेहमीची अट. २०१० मध्ये टक्करींचं प्रमाण वाढत गेलं तशी ही अट कडक होत गेली. त्यामुळे या फाइलमधल्या वक्राचा डावा भाग म्हणजे निसर्ग गुणिले ट्रिगर. त्याला सूत्र बसवायला जाऊ नका. संशोधक आधी शोधकाची कार्यक्षमता पीटीगणिक मोजतात आणि तिनं भागतात, मगच वक्राला निसर्गाचा मानतात.

४५ जीईव्हीचा उंचवटा

आता मजेचा भाग. ज्या ओळींत वस्तुमान ८० ते १०० जीईव्ही आहे आणि दोन म्युऑनांचे प्रभार विरुद्ध आहेत तेवढ्याच ओळी निवडा, आणि फक्त त्यांचा पीटी वक्र काढा. उतार गेला. चाळिशीच्या आसपास चढत जाणारा उंचवटा आला, आणि ४५च्या पुढे तो झपकन खाली पडतो. हे वळण अस्सल निसर्गाचं.

या जोड्या झेड बोसॉन नावाचा जड कण फुटून निघालेल्या आहेत (या नावाचा झेड अक्षाशी संबंध नाही). त्याचं वस्तुमान ९१.१९ जीईव्ही. तो जवळपास आडवा न हलता फुटला, तर प्रत्येक म्युऑनला सुमारे ४५.६ जीईव्ही संवेग मिळतो आणि पीटी होतो ४५.६ × साइन थीटा. थीटा म्हणजे झेड बोसॉनच्या दृष्टीनं म्युऑन आणि बीम यांतला कोन. थीटा ९० अंश असताना साइन १, आणि ६० अंशांपर्यंत खाली आलं तरी साइन ०.८६६ म्हणजे पीटी ३९.५. कोन ६० पासून १२० पर्यंत कितीही बदलो, पीटी ३९.५ आणि ४५.६ च्या मध्येच अडकतो. म्युऑन सगळ्या दिशांना सारखे उडाले असं धरलं तर निम्मे या सहा जीईव्हीच्या पट्ट्यात येतात. म्हणून तिथे गर्दी, आणि ४५.६ च्या वर जायला जागा नाही म्हणून कडा. याला जेकोबियन शिखर म्हणतात. कागदावर स्वतः साइनची कोष्टकं मांडून हे एकदा करा.

कडा मात्र सुरीनं कापल्यासारखी दिसणार नाही. थोडे म्युऑन ५०, ६० पर्यंतही जातात. कारण झेड बोसॉनला स्वतःचाही थोडा पीटी असतो. तो काढणं ही पुढची पायरी.

जोडीचा पीटी: इथे हमखास चूक होते

जोडीचा पीटी म्हणजे पीटी१ अधिक पीटी२ नव्हे. संवेग सदिश आहे, घटक आधी मिळवायचे. एका म्युऑनचे आडवे घटक (४०, ०) आणि दुसऱ्याचे (−३८, ३) असले, तर नुसते पीटी मिळवून ७८ येतात, खरा पीटी आहे (२, ३) या सदिशाची लांबी, म्हणजे ३.६ जीईव्ही. एक्सेलमध्ये तीन नवे रकाने करा: एक्स घटकांची बेरीज, वाय घटकांची बेरीज, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ.

या वक्राचं शिखर काही थोड्या जीईव्हीवर येतं आणि मग लांब शेपटी लागते. ९१ जीईव्ही वस्तुमानाच्या कणाचा पीटी बहुधा एवढा कमी असतो हे बघून पहिल्यांदा आश्चर्य वाटतं. तो येतो कुठून? झेड बनण्याआधी क्वार्कांनी ग्लुऑन उत्सर्जित केलेले असतात, आणि त्याचा धक्का झेडला बसतो. बारीक ग्लुऑन अनेक, म्हणून शिखर डावीकडे. जोरदार ग्लुऑन क्वचित, पण उत्सर्जित झाला की झेड ५०-१०० जीईव्हीनं बाजूला फेकला जातो. ती शेपटी.

या बारकाव्यावर किती अवलंबून आहे ते सांगते. झेडचाच भाऊ असलेल्या डब्ल्यू बोसॉनचं वस्तुमान मोजताना त्यातून निघालेल्या म्युऑनच्या पीटीचं असंच शिखर वापरतात, आणि डब्ल्यूचा स्वतःचा पीटी थोडा जरी चुकला तरी उत्तर सरकतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सीडीएफ गटानं ८०,४३३.५ ± ९.४ एमईव्ही (१,००० एमईव्ही म्हणजे १ जीईव्ही) हे मूल्य दिलं, जे कणभौतिकीच्या प्रमाणित सिद्धांतापासून बरंच दूर होतं. २०२४ मध्ये सीएमएसनं म्युऑन पीटीचाच वक्र वापरून ८०,३६०.२ ± ९.९ दिलं, सिद्धांताशी जुळणारं. लॅबमध्ये तुम्ही जो उंचवटा काढलात, त्याच्याच डब्ल्यू-भावाच्या कडेवरून हा वाद चालला आहे.

सूत्र बसवायचंय? मग हॅड्रॉनांकडे वळा

टक्करीतून निघणारे बहुतेक प्रभारित कण म्युऑन नसून पायॉन, केऑन आणि प्रोटॉन असतात. क्वार्कांपासून बनलेल्या अशा कणांना हॅड्रॉन म्हणतात. त्यांचे वक्र कार्यक्षमतेनं भागून तयार स्वरूपात हेपडेटा या मुक्त संग्रहात मिळतात. सीएमएसचा २०१० चा ७ टीईव्हीचा तक्ता घ्या. सरासरी पीटी निघतो ०.५४५ जीईव्ही. आता तुलना बघा: ०.९ टीईव्हीला तो ०.४६ होता, २.३६ टीईव्हीला ०.५०. टक्करीची ऊर्जा जवळपास आठपट झाली आणि सरासरी पीटी पाचव्या हिश्शानंही वाढला नाही. बहुतेक कण हळुवार प्रक्रियांतून येतात, आणि त्यांना वरच्या ऊर्जेचं फारसं सोयरसुतक नसतं.

वाढीव ऊर्जा दिसते ती शेपटीत. कमी पीटीला वक्र घातांकी असतो. भौतिकशास्त्रज्ञ रोल्फ हागेडॉर्न यांनी १९६५ मध्ये याला औष्णिक चित्र दिलं, म्हणजे कण जणू तापलेल्या वायूतून निघतात असं मांडलं. पण वरच्या पीटीला वक्र घातांकी उतारापेक्षा वर राहतो, पॉवर लॉ होतो, कारण तिथे क्वार्क-ग्लुऑनांची थेट जोरदार धडक दिसते. दोन्ही टोकं एकत्र बसवणारं सूत्र त्सालिस यांच्या १९८८ च्या सांख्यिकीवरून ओळखलं जातं:

उत्पादन ∝ (१ + ईटी/(एन × टी))^(−एन), जिथे ईटी = √(वस्तुमान² + पीटी²) − वस्तुमान

पायॉनचं वस्तुमान ०.१४ जीईव्ही धरा आणि एक्सेलच्या सॉल्व्हरनं एन आणि टी हे दोन स्थिरांक वक्र नीट बसेल असे शोधा. ७ टीईव्हीला सीएमएसला टी ०.१४५ जीईव्ही आणि एन ६.६ च्या आसपास मिळाले होते. हे आकडे घालून हिशेब करा, १ जीईव्हीपासून ५ जीईव्हीपर्यंत वक्र सुमारे दोन हजार पट खाली येतो.

सूत्र बसवण्याआधी उभ्या अक्षावर नेमकं काय आहे ते वाचा. काही तक्त्यांत संख्या २π × पीटीनं आधीच भागलेली असते, काहींत नसते. हे न बघता बसवलं तर वक्र छान बसतो आणि आकडे चुकीचे येतात. आणि टी मिळाला म्हणून लगेच “हे टक्करीचं तापमान” असं प्रकल्पात लिहू नका. एन आणि टी एकमेकांना बांधलेले असतात. एक थोडा हलवला की दुसरा सरकून वक्र पुन्हा बसतो. पीटीची मर्यादा बदलून दोन-तीनदा बसवून बघा, टी किती डुलतो ते कळेल.

पुढे कुठे?

मोठ्या डेटासाठी पायथन शिका, आणि त्यानंतर सर्नचं रूट हे डेटा-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर. मुंबईत कुलाब्याला असलेलं टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) सीएमएसमध्ये आहे. तिथल्या बाह्य हॅड्रॉन कॅलरीमीटरच्या उभारणीत त्यांचा हात आहे. कोलकात्याची व्हीईसीसी ही संशोधन संस्था सर्नच्याच अॅलिस प्रयोगात आहे. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्यांना उन्हाळी प्रकल्पांची दारं बऱ्यापैकी उघडी आहेत. पंचवटी एक्सप्रेसनं सकाळी निघून कुलाब्याला एखादं व्याख्यान ऐकून रात्री परत येता येतं. जाताना स्वतः काढलेला एक आलेख सोबत न्या. त्यावरून बोलणं सुरू होतं.

आणि त्याआधी हेपडेटावरून अॅलिसचा शिशाच्या केंद्रकांच्या टक्करींचा तक्ता उतरवून ठेवा. त्यात पायॉन, केऑन आणि प्रोटॉन यांचे वक्र वेगवेगळे दिले आहेत. तिन्ही एकाच आलेखावर काढा आणि कमी पीटीचा भाग बघा. जड कणाचा वक्र जास्त सपाट येतो आणि त्याचं शिखर उजवीकडे सरकतं, कारण सगळे कण एकाच वेगानं बाहेर ढकलले जात असतील तर जास्त वस्तुमानाच्या कणाला जास्त संवेग मिळणार. हे वळण कोणाचं, निसर्गाचं की यंत्राचं, ते मात्र तुम्हीच प्रोटॉन-प्रोटॉन टक्करींचे तेच तीन वक्र शेजारी ठेवून ठरवा.